डाव्या पायाची सेवानिवृत्ती

वाहन कर्जाच्या टेबलावर बसणाऱ्या अधिकाऱ्याला माणसांच्या हौशीचे आणि हिशेबाचे जे एकत्रित दर्शन घडते, ते बँकेच्या अन्य विभागांत क्वचितच घडत असेल. गृहकर्जासाठी येणारे दांपत्य खरोखरच गंभीर असते. मोटारीसाठी येणारे दांपत्य गंभीर असल्याचा आव आणते. कोटेशनचा कागद पुढे सरकवताना गृहस्थांच्या चेहऱ्यावर एक निराळेच तेज असते आणि शेजारच्या बाईंच्या नजरेत, हप्ता नेमका किती बसणार, ही चिंता. अशा प्रसंगी एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की ते आता अर्जातील छापील मजकुराचाच भाग वाटावे : “ही चालवणार आहे ना, म्हणून ऑटोमॅटिक घेतोय.”

मी मान डोलवीत असे आणि वाहनाच्या वर्णनाचा रकाना भरीत असे. त्या गृहस्थांना काय ठाऊक, की समोर बसलेल्या मॅडम पाच गिअरांची, १४५ अश्वशक्तीची गाडी स्वतः चालवीत शाखेत येतात आणि ‘ऑटोमॅटिक’ या शब्दाविषयी त्यांचे मत त्यांच्याहूनही पूर्वग्रहदूषित आहे! फरक एवढाच, की ते ऑटोमॅटिकला बायकांची गाडी समजत आणि मी तिला, ज्यांना गाडी चालवायचीच नाही अशा माणसांची गाडी समजत असे. आज मी स्वतः ऑटोमॅटिक चालवते. हा बदल माझ्या डाव्या गुडघ्याने घडवून आणला, हे खरे. परंतु गुडघ्याच्या पलीकडेही त्यात बरेच काही होते.

माझे वडील, ज्यांना आम्ही भावंडे आण्णा म्हणतो, राज्य परिवहन महामंडळात चालक होते. कोल्हापूर-रत्नागिरी हा त्यांच्या नोकरीतील बहुतेक वर्षांचा मार्ग. मलकापूर सोडले की आंबा घाट, आणि घाट उतरला की साखरपा. त्यांच्या उमेदीच्या काळातील बसगाड्यांत गिअर टाकणे हे साधे काम नव्हते. आजच्या मोटारींत ‘सिंक्रोमेश’ नावाची जी सोय असते, ती गिअरपेटीतील फिरत्या चाकांचा वेग एकमेकांशी आपोआप जुळवून देते. जुन्या अवजड गाड्यांत ते काम चालकाच्या दोन्ही पायांना आणि कानांना करावे लागे. क्लच दाबायचा, गिअर मोकळा करायचा, क्लच सोडायचा, अॅक्सिलरेटरला अंदाजाने एक ठोसा द्यायचा, पुन्हा क्लच दाबायचा आणि मगच खालचा गिअर टाकायचा. याला ‘डबल क्लच’ म्हणत. अंदाज चुकला तर गिअरपेटी असा काही आवाज करी, की मागच्या बाकावर झोपलेला प्रवासीही जागा व्हावा. पन्नास माणसे पाठीशी घेऊन, पावसाळ्यात, धुक्यात, ही कसरत ते दिवसातून शेकडो वेळा करीत आणि घरी येऊन त्याविषयी चकार शब्द काढीत नसत.

मला गाडी त्यांनीच शिकवली. मामांच्या जुन्या मारुती ८०० मध्ये शेजारी बसून ते डॅशबोर्डवर आपला टॉवेल पसरीत. सगळे काटे झाकून टाकीत. मग विचारीत, “कुठला गिअर हाय?” मी गडबडले की म्हणत, “काट्याकडं काय बघतीस? गाडी सांगत्या की. ऐक.” त्या टॉवेलखाली मी जे शिकले, ते एम.कॉम.च्या कोणत्याही पुस्तकात नव्हते. इंजिन कण्हू लागले की खालचा गिअर, किंचाळू लागले की वरचा. आणि या दोहोंच्या मध्ये एक जागा असते, जिथे ते गुणगुणते. तिथे त्याला ठेवायचे.

नोकरी स्थिरावल्यावर, २०१६ मध्ये, पुण्यात असताना मी फियाटची अबार्थ पुंटो घेतली. ही गाडी आपल्या रांजणगावच्या कारखान्यात तयार होत असे. २०१५ च्या ऑक्टोबरात ती बाजारात आली, तेव्हा दिल्लीतील एक्स-शोरूम किंमत ९ लाख ९५ हजार होती. दहा लाखांच्या आत १४५ अश्वशक्तीचे टर्बो पेट्रोल इंजिन आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक अन्य कोणी देत नव्हते. चाकांवर विंचवाचे चिन्ह. अबार्थ या नावाचा कारखाना १९४९ मध्ये इटलीत काढणारे कार्लो अबार्थ वृश्चिक राशीचे, म्हणून तो विंचू. शाखेतील सहकाऱ्यांनी माझ्या गाडीचे नावच ‘इंगळी’ ठेवले होते आणि ते तिला शोभत असे. दोन हजार फेऱ्यांच्या खाली ती सुस्त. त्यापुढे मात्र टर्बो जागा झाला की पाठीत कोणी तरी हात घालून ढकलावे तशी निघे. तिला योग्य गिअरमध्ये ठेवणे हीच तिला चालवण्याची कला होती. क्लच जड होता. त्याची तक्रार करणे मला कमीपणाचे वाटे.

२०२० मध्ये बदली बंगळूरला झाली. तेथील वाहतुकीविषयी लिहावे तेवढे थोडे. सिल्क बोर्डच्या चौकात एका संध्याकाळी मी सहज मोजून पाहिले : अवघ्या दोन किलोमीटरांत क्लच एकशे चाळीस वेळा दाबला होता. चौथा गिअर तर आठवड्यातून एकदा, रविवारी पहाटे भेटत असे. तरीही मी हट्टाने चालवीत राहिले. मग २०२२ च्या जानेवारीत, आमच्या क्षेत्रीय कार्यालयाच्या बॅडमिंटन स्पर्धेत, एक शटल उचलण्याच्या मोहात डावा पाय वळला आणि गुडघ्यातील लिगामेंट तुटले. शस्त्रक्रिया झाली. तीन महिने वाहन चालवण्यास मनाई होती.

शल्यचिकित्सकांनी एक प्रश्न विचारला होता, तो मला तेव्हा विनोदी वाटला : “गाडी मॅन्युअल की ऑटोमॅटिक?” गुडघा डावा आणि गाडी ऑटोमॅटिक असेल तर रुग्णाला लवकर मोकळीक देता येते, कारण डाव्या पायाला तिथे कामच नसते. मी अभिमानाने सांगितले, “मॅन्युअल.” त्यांनी कागदावर काही तरी लिहिले आणि मुदत वाढवली. मे महिन्यात मी पुन्हा इंगळी बाहेर काढली. पहिला दिवस बरा गेला. चौथ्या दिवशी गुडघा सुजून घागरीएवढा झाला. पुन्हा दवाखाना. या वेळी त्यांनी विनोद केला नाही. “गाडी बदला किंवा गाव बदला,” असे म्हणाले. गाव बदलणे मुख्यालयाच्या हाती होते.

येथे वाचकांना वाटेल, की हा निर्णय सोपा होता. वैद्यकीय कारण स्पष्ट, कर्मचारी म्हणून कर्जाची सोय उपलब्ध. अडचण कोठे आहे? अडचण अशी होती, की माझ्यासमोर आजवर येऊन गेलेले ते सारे गृहस्थ मला एकदम दिसू लागले. ‘ही चालवणार आहे, म्हणून ऑटोमॅटिक.’ आण्णांनी टॉवेल पसरून जे मला दिले, ते मी परत करणार होते, आणि वर त्या गृहस्थांचे म्हणणे खरे ठरवणार होते. आण्णांना फोनवर सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “पायापेक्षा गाडी मोठी न्हवं.” त्यांचे म्हणणे योग्यच होते, पण त्या आधीचा तो थोडा वेळ मला ऐकू आला होता.

कर्जप्रस्ताव मंजूर करण्यापूर्वी पूर्वइतिहास तपासावा, ही आपली सवय. अंथरुणावर पडल्या पडल्या मी ऑटोमॅटिकचा पूर्वइतिहास वाचून काढला आणि माझ्या पूर्वग्रहाला पहिला तडा तेथेच गेला. ऑटोमॅटिक म्हणजे आळशी माणसांची सोय, हे अर्धेच सत्य आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांत ‘हायड्रा-मॅटिक’ ही गिअरपेटी दिली, ती निश्चितच सोयीसाठी होती. पुढे अशा गाड्यांत इंजिन आणि चाके यांच्यामध्ये क्लचऐवजी तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर आला, ज्याची मूळ कल्पना जर्मन अभियंता हेरमान फ्योटिंगर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जहाजांसाठी मांडली होती. तेलातून शक्ती वाहते तेव्हा थोडी वाया जाते. म्हणून त्या गाड्या सुखद पण सुस्त असत. शर्यतीच्या माणसांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही, यात नवल नव्हते.

परंतु चालकाच्या हातून क्लच काढून घेण्याचा दुसरा प्रवाह थेट शर्यतीतूनच आला. २६ मार्च १९८९ रोजी ब्राझीलमधील फॉर्म्युला वन शर्यतीत फेरारीची ‘६४०’ ही गाडी उतरली. जॉन बर्नार्ड या अभियंत्याने तिच्यातील गिअरचा दांडा काढून स्टिअरिंगच्या मागे दोन पट्ट्या बसवल्या होत्या. चालक नायजेल मॅन्सेल. सरावात ही यंत्रणा इतकी बंद पडत होती, की गाडी शर्यत पूर्ण करील यावर त्यांचाच विश्वास नव्हता. त्यांनी लवकरच्या विमानाचे तिकीट काढून ठेवले होते, ही गोष्ट शर्यतींच्या जगात प्रसिद्ध आहे. ते ती शर्यत जिंकले. त्या हंगामात पुढे ही यंत्रणा अनेकदा दगा देत राहिली, पण दिशा ठरून गेली होती. काही वर्षांतच फॉर्म्युला वनमधून हाताने हलवायचा दांडा नाहीसा झाला. १९९७ मध्ये फेरारीने आपल्या ‘एफ३५५’ या रस्त्यावरील गाडीत त्याच पट्ट्या दिल्या.

दोन क्लचांची कल्पना तर त्याहून जुनी. फ्रेंच अभियंता अडॉल्फ केग्रेस यांनी ती दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर मांडली होती. १९८० च्या दशकात पोर्शेने ती शर्यतीच्या गाड्यांत वापरून पाहिली, आणि २००३ मध्ये फोक्सवॅगनच्या गोल्फ ‘आर३२’ मधून, ‘डीएसजी’ या नावाने, ती सामान्य विक्रीच्या गाडीत आली. तत्त्व असे, की गिअरपेटी जणू दोन अर्ध्या पेट्यांची बनलेली असते. १, ३, ५, ७ हे विषम गिअर एका क्लचवर आणि २, ४, ६ हे सम गिअर दुसऱ्यावर. गाडी तिसऱ्यात धावत असते तेव्हा चौथा आधीच जोडून तयार असतो. फक्त एक क्लच सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा पकडतो. आपल्याकडे रोखपाल बदलताना पहिल्याने पेटी मिटवली आणि दुसऱ्याने उघडली, या मधल्या वेळात रांग खोळंबते. इथे दुसरी खिडकी आधीच उघडून ठेवलेली असते. माणसाचा पाय आणि हात कितीही तरबेज असले, तरी या वेगाशी त्यांची स्पर्धा होऊ शकत नाही.

आकडे तेच सांगतात. २०२१ मध्ये आलेल्या पोर्शे ‘९११ जीटी३’ या गाडीला थांबल्या जागेवरून ताशी १०० किलोमीटर वेग गाठण्यास मॅन्युअल गिअर असल्यास ३.९ सेकंद लागतात. दोन क्लचांची पेटी असल्यास ३.४. मात्र याच गाडीच्या वंशावळीत एक मजेदार प्रकरण आहे, जे आम्हा बँकवाल्यांना अधिक रुचावे. २०१३ मध्ये पोर्शेने ‘जीटी३’ फक्त ऑटोमॅटिकच विकायचे ठरवले. शौकिनांनी गदारोळ केला. २०१६ मध्ये कंपनीने केवळ मॅन्युअल गिअरची ‘९११ आर’ ही गाडी काढली, फक्त ९९१ नग. आणि त्या गाड्या मूळ किमतीच्या कितीतरी पट दराने हातोहात फिरू लागल्या. २०१७ मध्ये ‘जीटी३’ ला मॅन्युअलचा पर्याय परत आला. म्हणजे जी गाडी हळू, ती महाग! तारणमूल्याच्या कोणत्याही परिपत्रकात हे बसत नाही, पण मला त्या लोकांचे मन कळले.

भारतात मात्र ऑटोमॅटिकचा प्रसार वेगळ्या वाटेने झाला. २०१४ च्या मारुती सेलेरिओने ‘एएमटी’ आणली : पेटी साधी मॅन्युअलच, फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर हलवण्याचे काम एक यंत्र करते. किंमत थोडीच जास्त, इंधनाचा खर्च जवळपास तेवढाच. माझ्या टेबलावर ऑटोमॅटिकचे अर्ज वाढले, ते या स्वस्त यंत्रामुळे. तिला गिअर बदलताना क्षणभर विचार करावा लागतो आणि मान किंचित पुढे जाते, हे ज्यांनी चालवली त्यांना ठाऊक आहे. माझ्या पूर्वग्रहाचा बराचसा भाग अशाच एका नातेवाइकांच्या गाडीत बसून तयार झाला होता.

ऑगस्टमध्ये मी फोक्सवॅगनच्या व्हर्टस जीटीची चाचणी घेतली. ही गाडी जून २०२२ मध्ये बाजारात आली होती. चाकणला तयार होते. म्हणजे रांजणगावहून चाकण, एवढेच माझे स्थलांतर. १५०० सीसीचे टर्बो इंजिन, १५० अश्वशक्ती, सात गिअरांची डीएसजी. त्या वेळी व्हर्टसमध्ये हे इंजिन फक्त ऑटोमॅटिकबरोबरच मिळत असे. मॅन्युअल २०२३ मध्ये आली, आणि ती जाहिरात पाहताना मी वृत्तपत्राचे पान जरा लवकर उलटले, हे कबूल करते.

चाचणीत सोबत आलेल्या विक्री प्रतिनिधीने सवयीने सांगितले, “मॅडम, एकदम सोपी आहे, काहीच करायचे नाही.” मी काहीच केले नाही. मग बाहेरवळणावर ‘एस’ वर घेऊन अॅक्सिलरेटर दाबला, आणि दुसऱ्यातून तिसरा, तिसऱ्यातून चौथा गिअर असा पडला, की पाठीवरचा दाब एकदाही सुटला नाही. अबार्थमध्ये प्रत्येक गिअरला टर्बो एक श्वास घेत असे. ही गाडी श्वासच घेत नव्हती. मी थोडी रागावलेच. जे मी आठ वर्षांत कमावले होते, ते ही पहिल्या दिवशी माझ्याहून चांगले करीत होती.

आता पैशाचे. आपल्या पत्रिकेत ते लिहिले नाही तर लेख अपूर्ण राहील. गाडीची एक्स-शोरूम किंमत सुमारे अठरा लाख. त्यावर विमा, कर आणि नोंदणी. अबार्थ सहा वर्षांची झालेली. विम्याच्या कोष्टकात पाच वर्षांपर्यंतचा घसारा ठरलेला असतो; चार वर्षे उलटल्यावर पाच वर्षांपर्यंत तो ५० टक्के धरतात, आणि पुढचे मूल्य विमा कंपनी व ग्राहक यांच्या संमतीने ठरते. त्यातून फियाटची विक्री भारतात थांबलेली, ‘भारत स्टेज ६’ हे प्रदूषणाचे निकष १ एप्रिल २०२० पासून लागू झालेले. कागदोपत्री माझ्या गाडीला वाली नव्हता. प्रत्यक्षात कोल्हापूरच्या एका तरुण फाउंड्रीवाल्याने माझ्या अपेक्षेहून बरीच बरी किंमत दिली, कारण तशी गाडी पुन्हा मिळणार नव्हती. ‘९११ आर’ ची गोष्ट आमच्या शिरोली नाक्यावरही घडते, प्रमाण तेवढे लहान.

दुसरी गोष्ट नोंदणीची. बदलीच्या नोकरीत असलेल्यांनी ‘बीएच’ मालिकेच्या क्रमांकाची माहिती अवश्य करून घ्यावी. सप्टेंबर २०२१ पासून ही सोय आहे. सरकारी आणि सार्वजनिक क्षेत्रातील कर्मचाऱ्यांना, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी आस्थापनांतील कर्मचाऱ्यांना ती मिळू शकते. कर एकरकमी आजीवन न भरता दोन-दोन वर्षांचा भरावा लागतो, आणि राज्य बदलले तरी क्रमांक बदलावा लागत नाही. बंगळूरहून उद्या भोपाळला पाठवले, तरी परिवहन कार्यालयाच्या फेऱ्या वाचतील. दसऱ्याला, ५ ऑक्टोबर रोजी, गाडी दारात आली.

पहिल्या आठवड्यात मी माझ्याच हाताने अपघात करणार होते. अचूक सांगायचे तर, डाव्या पायाने. सिग्नल लाल झाला, आणि सोळा वर्षांच्या सवयीने डावा पाय क्लच शोधत खाली आला. क्लच नव्हता. ब्रेकचे पेडल ऑटोमॅटिकमध्ये रुंद असते. पाय त्याच्यावर पडला, आणि क्लच दाबण्याच्या पूर्ण जोराने पडला. गाडी जागच्या जागी खिळली. पट्ट्याने छाती आवळली. मागचा रिक्षावाला वीतभर अंतरावर थांबला आणि “एनू मेडम!” एवढेच म्हणाला, जे मला पुरेसे होते. त्या दिवसानंतर कित्येक आठवडे मी डावा पाय सीटकडे मागे ओढून, जणू शिक्षा केल्यासारखा, बसवून ठेवीत असे. नव्याने ऑटोमॅटिक घेणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला मी आता हीच पहिली सूचना देते. हप्त्याच्या तारखेच्या आधी.

दुसरी सूचना यंत्राच्या प्रकृतीविषयी. माझ्या गाडीतील दोन्ही क्लच कोरडे आहेत, तेलात बुडालेले नाहीत. मुंगीच्या गतीने सरकणाऱ्या रांगेत ब्रेक अर्धवट सोडून गाडी इंच इंच पुढे नेली, की क्लच घासत आणि तापत राहतो. पुढे गाडीभर जागा झाली, की मगच सोडायचे. चढावर ब्रेक न दाबता केवळ अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची नाही. म्हणजे क्लच गेला असे आपण म्हणतो, पण तो गेलेला नसतो. तो फक्त नजरेआड झालेला असतो, आणि त्याची काळजी अजूनही चालकानेच घ्यायची असते. ज्याने कधी क्लच वापरला आहे, त्याला हे चटकन कळते.

गुडघा महिनाभरात शांत झाला. सिल्क बोर्डला मी गाणी ऐकू लागले. हे सुख खोटे नाही, आणि ते मी नाकारणार नाही. पण काही गेले, तेही सांगितले पाहिजे. वळणाआधी उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक दाबत, त्याच पायाच्या कडेने अॅक्सिलरेटरला हलका ठोसा देत खालचा गिअर टाकायचा, ही गोष्ट शिकायला मला दोन वर्षे लागली होती. ती साधली की दिवसभर कोणाही ग्राहकाचा राग येत नसे. आता तोच ठोसा गाडी स्वतः देते, अचूक देते, आणि मला त्यात काहीही वाटत नाही.

डिसेंबरात रजेवर कोल्हापूरला गेले. अबार्थ फाउंड्रीवाल्याच्या स्वाधीन केली; आण्णांनी ती तेवढे दिवस दर आठवड्याला सुरू करून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच म्हणाले, “चल, आंब्याला जाऊन येऊ. बघू तुझं यंत्र.” मलकापूर ओलांडले तशी त्यांनी पिशवीतून टॉवेल काढला आणि व्हर्टसच्या रंगीत पडद्यावर पसरला. मी ओळखले.

“कुठला गिअर?”

मी कान दिला. इंजिन दीड-दोन हजार फेऱ्यांवर एकसुरात होते. ना कण्हणे, ना किंचाळणे. “पाचवा,” मी म्हणाले. त्यांनीही ऐकून पाहिले आणि म्हणाले, “चौथा.” टॉवेल उचलला. सहावा होता. आम्ही दोघेही चुकलो होतो. ते काही बोलले नाहीत, टॉवेलची घडी घातली आणि मांडीवर ठेवली. मला वाईट वाटले, आणि ते कशाचे, हे त्यांना सांगता येईना.

आंब्यापुढे उतार सुरू झाला. गाडी ‘डी’ वर होती. उतारावर पाय उचलला, की ती इंधन वाचवण्यासाठी वरचा गिअर पकडते. इंजिनाची ओढ सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. तिसऱ्या वळणाला आण्णांनी दाराचा दांडा धरला.

“गिअर पाड की.”

“आण्णा, ही आपली आपण बदलते.”

“तिला म्हाईत हाय व्हय, म्होरं वळण हाय ते?”

हा प्रश्न मी वाचलेल्या साऱ्या इतिहासात मला कोणी विचारला नव्हता. गिअरपेटीला चाकांचा वेग कळतो, अॅक्सिलरेटर किती दाबला ते कळते, इंजिनावरचा भार कळतो. जे घडते आहे ते सारे तिला माणसाआधी कळते. पुढे काय आहे, हे तिला दिसत नाही. (२०१३ मध्ये रोल्स-रॉइसने ‘रेथ’ या गाडीत उपग्रहाच्या नकाशावरून पुढचे वळण ओळखून गिअर ठरवणारी पेटी दिली, पण ती परवडण्याइतके कर्ज मंजूर करण्याचे अधिकार मला नाहीत.) घाटातील चालकांचा जुना नियम आहे, ज्या गिअरने चढायचे, त्याच गिअरने उतरायचे. मी स्टिअरिंगमागची डावी पट्टी ओढली. एकदा, दोनदा, तीनदा. गाडी तिसऱ्यात आली, इंजिन भरून बोलले, वेग आपोआप आवरला आणि पाय ब्रेकवरून उठला. पुढच्या तीव्र वळणाआधी दुसरा.

आण्णांनी दांडा सोडला. थोड्या वेळाने ते वळण येण्याच्या आधीच, डोळे रस्त्यावर ठेवून, हळूच म्हणू लागले, “आता... दुसरा... ऱ्हाऊ दे... आता तिसरा.” आणि मी बोटाने पट्टी ओढीत होते. चाळीस वळणे आम्ही अशीच उतरलो. हात माझा होता, घाट त्यांच्या डोक्यात होता आणि दोन क्लच चाकणचे होते.

साखरप्याला चहा घेतला. टपरीवाल्याचे वडील आण्णांना ओळखत असत. जुन्या वाहकांच्या चौकशा झाल्या. निघताना आण्णा चालकाच्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि किल्लीसाठी हात पुढे केला. खासगी वाहनाचा परवाना त्यांनी नूतनीकरण करून ठेवला आहे, ही गोष्ट मला त्या दिवशी कळली. सीट पुढे ओढली, आरसे लावले, पट्टा बांधला. मग खाली वाकून पाहिले.

“डावा पाय कुठं ठेवू?”

“कुठंही. त्याला काम नाही.”

त्यांनी डाव्या पायातील चप्पल काढली, ती उचलून माझ्याकडे दिली आणि तो पाय मागे, सीटला टेकवून ठेवला. गाडी आवाज न करता रस्त्यावर आली. चढाच्या पहिल्या वळणापाशी त्यांचा डावा हात स्टिअरिंगवरून उतरला आणि दांड्यावर जाऊन थांबला. गाडीने गिअर आधीच बदलला होता. हात तेथेच राहिला, आंबा येईपर्यंत.